अंकलच्या सहा लेन्स

कॅमेरा एकदा घेतात, लेन्स जन्मभर घेत राहतात. ज्या कंपनीची बॉडी, तिच्याच लेन्स. सोयरीकच म्हणा ना! एकदा घर ठरलं की पुढचे सगळे सणवार त्याच घरचे. जॉयसीला हे कुणी शिकवायला नको होतं. तरी कुडाळच्या दुकानात दोन कॅमेरे समोर ठेवून ती अर्धा तास उभी होती.

उजवीकडचा तिला हवा होता. हलका, मुठीत मावणारा. त्या कंपनीची अगदी जवळून फोटो काढायची लेन्स पुढच्या वर्षी घ्यायची, ओहोटीला खडकांतल्या पाण्यापाशी बसायचं आणि तिथले इवलेइवले जीव टिपायचे, हे तिचं तीन वर्षांचं स्वप्न. मग लग्नं आणि बाप्तिस्मे यांच्या फोटोंतून सुटका! डावीकडचा होता फॉस्टिन अंकलच्या कंपनीचा. मधे एक कडी लावली की अंकलच्या कपाटातल्या सहाच्या सहा जुन्या लेन्स त्याच्यावर चालणार होत्या.

फॉस्टिन अंकल म्हणजे तिच्या बापाचे थोरले भाऊ. बाप गेल्यावर त्यांनीच तिला वाढवलं, मालवणातल्या आपल्या स्टुडिओत फोटो काढायला शिकवलं. तिथल्या तिपाईपासून छत्रीपर्यंत सगळ्यावर 'फॉस्टिन' कोरलेलं. लग्नघरात कोण काय उचलेल, नेम नाही. निघताना ते म्हणाले होते, "बाय, नवीन लेन्स कित्याक व्हयी? माझा सगळा तुझाच मा?"

भीड ही भिकेची बहीण, हे म्हणायला सोपं. जॉयसीने डावीकडे बोट दाखवलं, सोबत कडीही घेतली. "तीन दिवसांत बदलून मिळेल," दुकानदार म्हणाला, "पण एक ओरखडासुद्धा नको."

घरी येताच अंकलनी कॅमेरा हातात घेतला आणि कपाटाची किल्ली तिच्याकडे दिली. "तू लेन्स बघ. मी ह्येका जरा हाताळतंय." ते आतल्या मेजाकडे गेले.

लेन्स अंकलनी इतक्या जपल्या होत्या की काम सोडल्यापासूनच्या चार वर्षांत बाहेरचा वाराही लागू दिला नव्हता. समुद्राची दमट हवा, चामड्याच्या घट्ट पिशव्या आणि बंद कपाट! पहिली लेन्स जॉयसीने खिडकीकडे धरली. काचेच्या आत पांढरी जाळी, शिळ्या भाकरीवर धरते तशी बुरशी. दुसरीत तेच. सहावीसाठी अंकल कुवेतमध्ये नोकरीला दोन वर्षं जास्त राहिले होते. तिच्यातून तर खिडकीही धड दिसेना. अंकलना कसं कळणार? डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशन "मगे बघया" म्हणून टाळलेलं.

जॉयसीला आधी रडू आलं, मग संताप आला, आणि मग, देवाशपथ, आनंद झाला. होय, आनंद! आता कशाला बांधून घ्यायचं? सकाळच्या एसटीने कुडाळ, आणि उजवीकडचा कॅमेरा. अंकलना काय सांगायचं ते वाटेत ठरवू. तिने लेन्स पिशव्यांत भरल्या आणि ती आत गेली.

अंकल मेजाला नाक लागेल इतके वाकले होते. हातात दाभण होतं.

"झाला," ते म्हणाले, आणि कॅमेरा उपडा करून तिच्यापुढे धरला. "आजवर सगळ्यार माझा नाव घातलंय. ह्येच्यार माझा घालूक हात जायना. ह्यो तुझो."

तळाला वाकडीतिकडी, एकमेकांवर चढलेली अक्षरं: जॉयसी. शेवटची वेलांटी घसरून पार कडेपर्यंत गेली होती.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ओरडायचं तरी कुणावर?

"लेन्स बघलंस?" अंकलनी विचारलं. "साफ आसत मा?"

जॉयसीने त्यांच्या दुधाळ डोळ्यांकडे पाहिलं.

"साफ आसत, अंकल."

"मगे पयलो फोटो माझो काढ."

तिने कडी लावली, एक लेन्स चढवली, कॅमेऱ्याला डोळा लावला. पांढऱ्या धुक्यात अंकल कॉलर सारखी करत हसत होते. तिने बटण दाबलं.

"बरो इलो?"

"बरो इलो," जॉयसी म्हणाली.