अकोल्याची बस

कॉम्प्युटर सायन्सच्या ऑनर्सचा प्रोजेक्ट म्हणून मी आणि माहेनूरनं अमरावतीत एक बोलका प्रोग्राम बनवला. मोबाइलवर विचारायचं आणि त्यानं बसची वेळ सांगायची. नेटवरच्या आयत्या आवाजांवर शिकवला होता, म्हणून गडी थेट पुण्याच्या पेठेतला निघाला.

तेल्हाऱ्याहून आलेल्या माझ्या आत्यानं त्याला प्रेमानं विचारलं, "बापू, अकोल्याची बस कवा येऊन राहिली?"

"समजलं नाही. कृपया मराठीत बोला," तो म्हणाला.

आत्या भडकली. "मंग आचल, मी काय इंग्रजी बोलून राहिली? याले शिकवलं तरी कोनं?"

शिकवणाऱ्या आम्ही दोघी माना खाली घालून उभ्या. माझं तर डोकंच फिरलं. जुने आवाज सगळे पुसून टाकले आणि बस स्टँडवर बसून नवे गोळा केले. आत्याचा, कंडक्टरांचा, संत्री विकणाऱ्या बायांचा, माहेनूरच्या अब्बांचा. "थोडे जुने राहू दे ना," माहेनूर म्हणत होती. पण मी कोणाचं ऐकते!

तोंडी परीक्षेला पुण्याचे सर आले. मी आत्याचाच प्रश्न आत्याच्याच बोलीत विचारला. प्रोग्रामनं पटकन वेळ सांगितली. सर खूश झाले. त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि स्वच्छ, सावकाश विचारलं, "अकोल्याची बस कधी येत आहे?"

माहेनूरनं टेबलाखालून माझा पाय दाबला.

"समजलं नाही," मोबाइल म्हणाला. "कृपया मराठीत बोला."