मोज्यातलं अंजीर

नव्या मालकाने आमचं घर ताब्यात घेतल्यावर पहिलं काम काय केलं, तर अंगणातलं अंजीर तोडलं. सासूबाईंनी लावलेलं झाड. आदल्या संध्याकाळी मी त्याच्या पेन्सिलीएवढ्या काड्या कापून, ओल्या फडक्यात गुंडाळून भाड्याच्या खोलीत आणल्या. यातली एकही जगली नाही, तर ते झाड संपलं.

बाकीचं मी मुळं फुटवणाऱ्या संजीवकाच्या पाकिटावर वाचून शिकले. काडीचं खालचं टोक ओलं करायचं, पावडरीत बुडवायचं, जास्तीची झटकून टाकायची. वाळू मिसळलेल्या मातीत आधी भोक पाडायचं, मग काडी सोडायची. नाहीतर सगळी पावडर वरच पुसली जाते. दिवसभर इस्त्रीच्या दुकानात उभी राहून आल्यावर एवढं करताना कंबर बोलायला लागायची. आमचे हे म्हणाले, मला कधी लावलीस का एवढ्या मायेने पावडर? मी म्हटलं, तुम्हाला आधीच मुळं फुटलीत, खुर्चीत.

काड्यांना पानं आली. सासूबाई हरखल्या. मी हरखले नाही, कारण पहिली पानं काडीतल्या शिल्लक साठ्यावरच येतात. खाली मुळं नसली की तीच माना टाकतात. तशी टाकलीच. एकेक काडी काळी पडत गेली. मी पाणी कमी केलं, कुंड्या सावलीत सरकवल्या, पाकिटाला शिव्या घातल्या.

एक दिवस दुकान लवकर बंद झालं. घरी आले तर सासूबाई खिडकीशी बसून, काडी उपटून चष्म्याजवळ धरून बघत होत्या. मग तिला पुन्हा पावडर फासून मातीत खोचली. हात चांगला सराईत होता.

मला बघून ओशाळल्या. "मुळं आली का ते बघत होते गं."

झोपलास का रे, म्हणून लेकाला हलवून उठवणारी ही बाई. चिडायला हवं होतं. पण चिडायलाही अंगात जोर लागतो. मी चप्पल काढली आणि त्यांच्याशेजारी बसले.

एकच काडी हिरवी उरली होती. पाण्याची रिकामी बाटली कापली, बुडाला भोकं पाडली आणि काडी आत अगदी कडेला लावली. मुळांना उजेड नको, म्हणून बाहेरून यांचा विटका मोजा चढवला. बघायचं तर मोजा उतरवून बाहेरून बघा, काडीला हात लावायचा नाही, असं बजावलं.

"माझ्यावर भरवसा नाही तुझा," त्या म्हणाल्या.

"नाही," मी म्हटलं.

त्यांना हसू आलं.

मग रोज मी आल्यावर दोघी मोजा उतरवायचो. नुसती माती. काडीला नवं पान येईना, जुनं गळेना. मीही मनातून हात टेकले होते.

एका संध्याकाळी मी दारात असतानाच त्यांनी बाटली पुढे केली. "आज मी आधीच बघितलं. पण मोज्याचाच दोरा चिकटला असेल. तू बघ."

बाटलीला काहीतरी पांढरं, बारीक लागलं होतं. मी बाहेरून बोटाने पुसून पाहिलं. पुसलं गेलं नाही, ते आतल्या बाजूला होतं.

"दोरा नाही," मी म्हटलं.

त्यांनी मोजा हळूच परत चढवला.

"झोपू दे आता त्याला," त्या म्हणाल्या. "तूही पड जरा."