साठ सेंटिमीटर

आमच्या भागात अकरा नागरिक-वैज्ञानिक आहेत. टोपी आहे, बिल्ला आहे, फक्त विज्ञान तेवढं नाही. त्यातला एक मी, धंद्याने चष्मेवाला. दुसरी माझी बायको, शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली.

काम सोपं. दर रविवारी सकाळी सातला रंगाच्या कारखान्याखालच्या ओढ्यावर आपापल्या जागी जायचं. उंच पारदर्शक नळीत पाणी ओतत राहायचं. तळाची काळी फुली दिसेनाशी झाली की थांबायचं आणि पाण्याची उंची मोबाइलमधल्या ॲपवर भरायची. नळी साठ सेंटिमीटरची. काठोकाठ भरूनही फुली दिसली, तर पाणी नितळ.

बायको पुलाखाली उतरायची. तिचा आकडा अकरा, बारा, कधी नऊ. मी 'दुकानामागे मोजतो' असं सांगून निघायचो आणि दुकानात बसून साठ भरायचो. बाकीचे नऊ जण तर अंथरुणातूनच उंटावरून शेळ्या हाकायचे. सगळ्यांचे साठ! ॲप भारी हुशार. जो आकडा इतरांशी जुळत नाही, तो लाल करून बाद. दोन वर्षं बाद होत राहिली ती एकटी बायको.

हे काम नेमून देणाऱ्या प्रदूषण खात्याचे साहेब तिला फोन करायचे. "ताई, नळी बदला." तिने बदलली. "ताई, एकदा डोळे तपासून घ्या." ते मीच तपासले, तीनदा. डोळे ठणठणीत होते. तरी मी निर्लज्जपणे नवा चष्मा करून दिला.

मग कारखान्याने ओढ्यात दुप्पट सांडपाणी सोडायची परवानगी मागितली. ओढा पुढे ज्या तलावाला मिळतो, त्याचंच पाणी माझ्या मेहुणीच्या नळाला येतं. बायकोची झोप उडाली. परवानगीच्या सभेत आपले आकडे ऐकवायचेच, हे तिने ठरवून टाकलं.

सभेत साहेब म्हणाले, "पाणी उत्तम आहे. आणि हे आम्ही नाही, नागरिकांनी मोजलंय." टाळ्या. मग सलग एकशे चार रविवार न चुकता मोजणाऱ्या आदर्श नागरिकाला त्यांनी मंचावर बोलावलं. तो मी. प्रमाणपत्र हातात पडतंय तोच बायको उभी राहिली.

"साहेब, उन्हाळ्यात कारखाना दोन महिने बंद होता. ओढा कोरडाठाक. तेव्हा यांचा आकडा काय?"

साहेबांनी यादी चाळली. "साठ."

"मी 'पाणी नाही' असं लिहिलं होतं. तेही लाल झालं. अहो, सांगा ना, तुम्ही कुठे मोजलंत?"

माझी पाचावर धारण बसली. आपलेच दात, आपलेच ओठ. नऊ सहकारी आपापल्या बुटांचं निरीक्षण करू लागले. दोन वर्षांतलं त्यांचं हे पहिलंच निरीक्षण.

"दुकानात," मी म्हणालो. लाज वाटली. ती आधीच वाटायला हवी होती.

निर्णय महिनाभर पुढे गेला. तोवर सगळ्यांनी नव्याने मोजायचं ठरलं.

पुढच्या रविवारी मी पहिल्यांदा ओढ्यात उतरलो. आकडा आला दहा. भरला, तर स्क्रीन लाल: 'आपला आकडा इतरांशी जुळत नाही.' नऊही जणांनी पुन्हा साठच भरले होते.

पुलाखाली जाऊन बायकोला मोबाइल दाखवला. वाटलं, आता चार शब्द ऐकवेल. तिने नळी माझ्या खांद्यावर ठेवली आणि तडक जाऊन त्या नऊ जणांतल्या पहिल्याची, औषधवाल्याची बेल वाजवली. तो झोपेच्या कपड्यांत, मोबाइल हातात.

"साठ भरलेत ना?" ती म्हणाली. "चपला घाला. अजून आठ घरं उठवायची आहेत."