काजवालीचं म्हणणं

“आई, हात जरा खाली घ्या. चेहरा झाकला जातो,” फोनच्या स्टँडमागून सून म्हणाली आणि स्वतःचे हात खाली नेऊन दाखवले. काजवालीने हात छातीपर्यंत उतरवले. हातांनीच बोलणाऱ्या बाईला हात आवरा म्हणायचं, आता काय करावं. पण सून मनाने वाईट नव्हती. रविवारी सकाळी खिडकीतून उजेड चांगला येतो, म्हणून चॅनलसाठी सासूबाईंचा व्हिडिओ रविवारीच काढायचा, एवढंच तिचं गणित होतं.

काजवालीचं गणित नेमकं तिथेच फसत होतं. बत्तीस वर्षं तिने शर्टांच्या कारखान्यात काजं केली. जन्मापासून ठार बहिरी, पण मशीनची थरथर बोटांना कळायची आणि सुई मोडायच्या आधी ती पाय उचलायची. तेवढ्याच वर्षांचे रविवार तिने सायकल दुकानाच्या वरच्या खोलीत काढले. तिथे बहिऱ्यांची बैठक भरायची. बहिऱ्यांत माणसाला नाव हाताने ठेवतात. तिचं नाव म्हणजे गळ्याशी बटण लावल्याची खूण. नवराही तिला तिथेच भेटला. तो गेला आणि घरात हातांनी बोलणारं कुणी उरलं नाही. म्हणजे, मुलगा होता. तो ऐकणारा-बोलणारा, पण तोंडाने बोलायच्या आधी खुणा शिकलेला. अलीकडे त्याला वेळ नसायचा.

दोन वर्षांपूर्वी रस्त्यात तिला मोटारसायकलचा धक्का लागला. हॉर्न ऐकू आला नाही. खरचटण्यावर निभावलं, पण मुलाने त्याच दिवशी तिच्याकडची किल्ली काढून घेतली. मुलगा-सून कामाला गेली की दाराला बाहेरून कुलूप, आणि एरवीही एकटीने बाहेर पडायचं नाही. काळजीपोटी, बरं का. “रविवारी मी सोडत जाईन बैठकीला,” असं तो म्हणाला होता. सोडतो, सोडतो म्हणता म्हणता व्हिडिओ सुरू झाले आणि सोडणं राहून गेलं.

म्हणून आजही तिने फोनकडे बघून तेच सांगितलं, “आज रविवार. मला बैठकीला जायचंय. माझी किल्ली मला द्या. या घरात माझा जीव गुदमरतो.”

सून मागे वळली. “अहो, काय म्हणाल्या?”

मुलगा खुर्चीत बसून स्वतःचा फोन चाळत होता. त्याने पुटपुटत काहीतरी सांगितलं. सुनेचे डोळे भरून आले. ती धावत येऊन सासूला बिलगली. काजवालीला वाटलं, चला, पोरीला पाझर फुटला एकदाचा. किल्ली काही आली नाही.

बुधवारी बैठकीतल्या सुताराने तिच्या फोनवर व्हिडिओ पाठवला. तोही बहिरा, तिच्या नवऱ्याचा जुना दोस्त. त्याचे हात रागाने चालले होते. “तुझे व्हिडिओ आम्ही सगळे बघतो. तू किल्ली मागतेस आणि खाली अक्षरं येतात, ‘लेकरांनो, माणसं जपा.’ मागच्या खेपेला म्हणालीस, कोंडून ठेवलंय. खाली लिहिलेलं, ‘म्हातारपणी एवढं सुख पुरे.’ हजारो लोक लाल बदाम पाठवतायत. बाई, हे चाललंय काय?”

आपलंच थोबाड काय बघायचं, म्हणून तिने आजवर एकही व्हिडिओ पाहिला नव्हता. आता सगळे अकरा पाहिले. आधी तिने सुनेला मनातल्या मनात लाखोली वाहिली. मग तिच्या लक्षात आलं. सुनेला एकही खूण येत नव्हती. ती बिचारी विचारून लिहीत होती.

मुलगा सात वर्षांचा असताना आईचे कान होता. दोऱ्याच्या दुकानात एकदा गर्दी होती. दुकानदार त्याला म्हणाला, “या मुकीला कशाला आणतोस रे, खोळंबा होतो.” पोराने वळून आईला खुणेने सांगितलं, “काका म्हणतात, सावकाश बघा.” तिने दुकानदाराचे ओठ वाचले होते. घरी येऊन तिने पोराच्या केसांवरून हात फिरवला. किती गुणाचं लेकरू, आईला लागू नये म्हणून खोटं बोलतं. मग तो तसंच बोलत राहिला. इकडचं तिकडे गोड करून द्यायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलं. तिने कधी अडवलं नाही. तिला त्याचं कौतुकच होतं.

पुढच्या रविवारी सुनेने स्टँड लावला. काजवालीने फोनकडे पाहिलंच नाही. हात पार कपाळापर्यंत उचलून ती मुलाशी बोलली, “दोऱ्याच्या दुकानात तो माणूस काय म्हणाला, ते मला तेव्हाच कळलं होतं. मी तुला टोकलं नाही, ती माझी चूक. आता माझं म्हणणं बायकोला जसंच्या तसं सांग.”

मुलाने फोन खाली ठेवला. त्याचे कान लाल झाले. उजवा हात गुडघ्यावरून थोडा वर आला, लहानपणी यायचा तसा, आणि पुन्हा गुडघ्यावर गेला.

“अहो, सांगा ना, काय म्हणाल्या?” सून म्हणाली.

काजवाली मुलाच्या ओठांवरून नजर काढत नव्हती.

“म्हणतेय, माझा मुलगा लहानपणापासून गुणाचा.”

सुनेने पदराने डोळे टिपले. काजवालीने गळ्याशी बटण लावल्याची खूण केली, आपलं नाव सांगितलं, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. सुनेने खुणावलं, बोला ना, अजून बोला. हात उठले नाहीत.

सुनेने तो व्हिडिओही चॅनलवर टाकला. लोकांना त्यात वेगळं काही दिसलं नाही. नेहमीसारखे बदाम आले. सायकल दुकानाच्या वर मात्र सुताराने आपला फोन एकेकाच्या हाती दिला. बाई गप्प बसली आहे, हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं, आणि फोन शेवटच्या माणसापर्यंत जाईस्तोवर तिथे कुणाचाच हात हलला नाही.