कोरडा माल

पहिली लाथ दशरथने क्रेटला मारली, दुसरी भावाला. आनंद गाळ्याच्या पायरीवरून मागे कोसळला आणि त्याच्या अंगावर झेंडू सांडला.

"बोल. पाणी कुणी मारलं?"

आनंद उठायला लागला. दशरथने रिकामा क्रेट दोन्ही हातांनी उचलून त्याच्या तोंडावर घातला. प्लॅस्टिकची कड भुवईवर बसली आणि कातडी फाटली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशीची सकाळ होती. गुलटेकडीच्या फुलबाजारात पाय ठेवायला जागा नव्हती, तरी या दोघा भावांभोवती लगेच रिंगण झालं. शेजारच्या गाळ्यावरचा पुकारा मात्र थांबला नाही.

थोड्या वेळापूर्वी त्यांचाही पुकारा चालू होता. "दशरथचा माल, कोरडा माल," एवढंच अडते चेतनशेठ म्हणत आणि बोली चढत जाई. हडपसरच्या पुढच्या वाडीतला एकरभर झेंडू. पण त्याला मोठ्या बागायतदारांच्या बरोबरीचा भाव मिळे तो या शब्दावर. ओला झेंडू वजनाला भरतो आणि संध्याकाळपर्यंत काळा पडतो. आज एका व्यापाऱ्याने सवयीने क्रेटच्या तळाशी हात घातला, मूठ आवळली. बोटांतून पाणी गळलं.

"शेठ, झेंडू आणलाय की भाजी धुऊन आणलीय?"

लोक हसले. भाव निम्म्याखाली आला; तिथेही कुणी बोट वर केलं नाही. चेतनशेठ हिशेबाच्या टेबलामागे जाऊन बसले.

"दशरथ, पुढच्या वर्षी दुसरा गाळा बघा," ते म्हणाले.

आता दशरथ भावाच्या छातीवर गुडघा रोवून बसला होता.

"सगळेच पाणी मारत्यात, आपणच येडे, असं कोण म्हनलं होतं? तूच ना?"

"म्हनलो होतो," आनंद म्हणाला.

"मग तूच हाईस."

आनंदने मान वळवली. त्या गप्प बसण्याने दशरथचं डोकं फिरलं. तो मोजून नव्हे, दमेपर्यंत मारत राहिला. एक दात फुलांत पडला. शेवटी तिघा हमालांनी त्याला काखेत हात घालून मागे ओढलं.

"अहो, मरंल ना तो!"

दशरथ गर्दीतून वाट काढत फाटकाबाहेर आला. फुटपाथवर त्याची आई, वेणूबाई, गोणपाटावर पाटीभर झेंडू मांडून बसली होती. पहाटे त्यांच्याच टेम्पोतून ती आली होती. चाळीस वर्षं तिने कोथरूडला देवळाबाहेर गजरे विकले होते. आताही तिने तांब्यात बोटं बुडवली आणि फुलांवर पाणी शिंपडलं.

दशरथ तिच्या बोटांकडे पाहत उभा राहिला.

"ऊन चढलं की माना टाकत्यात," ती म्हणाली. "काल क्रेटवर मारलं तेवढं पाणी टिकतंय व्हय दुपारपर्यंत?"

"क्रेटवर?"

"भरून ओट्यावर ठेवलेले. तू जेवत होतास. सुकून गेली असती रे." ती हसली. "आनंदनं पाहिलं, तर किती ओरडला! म्हनला, दादाला अजिबात सांगू नको, तो हात टाकील तुझ्यावर. मी म्हनलं, माझा दशरथ? माझ्यावर? येडा हाय आनंद."

दशरथ खाली बसला. बसताना त्याने हात मागे घेतले, पण तिने पाहिलंच.

"काय लागलं रं हाताला?"

"क्रेट लागला."

"बघू."

तिने त्याचे हात पुढे ओढले आणि तांब्या वाकडा केला. लाल पाणी फुटपाथच्या कडेने वाहत गेलं. सोललेली बोटं तिने पदराने टिपली. मग तांब्या हलवून पाहिला. तळाशी थोडं पाणी उरलं होतं.

"मारू फुलांवर?" तिने विचारलं.

फाटकातून दोन हमाल आनंदला धरून आणत होते.

"मार," दशरथ म्हणाला.