चालू करू नका

"बाबा, आईचा गेम लागत नाहीये."

मी मोरीत भांडी घासत होतो. तिथूनच म्हटलं, "चार्जिंगला लाव."

"कधीचा लावलाय. दिवाच येत नाही."

"प्लग बदलून बघ."

"बघितला. चार्जर पण चांगला आहे. माझ्याला लावला की लागतो."

हात पुसून बाहेर आलो. मुंगी आईच्या पलंगावर मांडी घालून बसली होती. समोर दोन्ही गेम. तिचा निळा चालू होता, आईचा पिवळा काळाठिक्कर. मी बटण दाबून धरलं, सोडलं, पुन्हा दाबलं. फॉल्ट कुठे नाही हे मुलीने आधीच शोधून ठेवलं होतं, त्यामुळे मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"होईल," मी म्हणालो. मुंगीने माझ्याकडे बघितलं नाही.

मी लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतो. अडकलेल्या लोकांना दाराबाहेरून "होईल, होईल" म्हणायची मला सवय आहे.

हे हातात धरून खेळायचे मुलांचे गेम. पहिला मुंगीला वाढदिवसाला घेतला होता. पुढे बायको आजारी पडली, घरातून बाहेर निघेना, तेव्हा तिच्यासाठी दुसरा आणला. त्यात ज्याचं त्याचं एक छोटं गाव असतं. घर, झाडं, ओढा, फुलांचे वाफे. दोन्ही गेम जवळ ठेवून चालू केले की एकाच्या गावातून दुसऱ्याच्या गावात जाता येतं. मध्ये एक फाटक लागतं. बायको त्याला वेस म्हणायची. आपल्या गावाचं नाव तिने माहेर ठेवलं होतं.

"अगं, स्वतःचं माहेर कोणी स्वतः बांधतं का?" तिची मोठी बहीण म्हणाली होती.

"मग तू बांधून देतेस का?" बायको म्हणाली. दोघी खूप हसल्या. मग बायकोला खोकला आला.

ती गेल्यावर मला वाटलं, मुंगी आता त्या गेमला हात लावणार नाही. पण शाळेतून आली की ती पिवळा गेम उशीवर ठेवून चालू करायची, वेस उघडायची आणि आपला निळा गेम घेऊन आईच्या गावात जायची. बायकोने केलेली बाहुली तिथे दारात उभी असायची. गोल चष्मा, अंगात हिरवा झगा. चालवणारं कोणी नसलं की बाहुली थोड्या वेळाने खाली बसते आणि डुलक्या घेते. मुंगी वाफ्यांना पाणी घालायची, तण उपटायची आणि बाहुलीला दिवसभराचं सगळं सांगायची. बाईंनी कोणाला उभं केलं, कोणाचा दात पडला, कोण कोणाशी बोलत नाही.

"भाऊजी, हे बरं नाही," मेव्हणी मला म्हणाली. ती जवळच राहते. रोज येऊन मुंगीची वेणी घालते आणि मला चार गोष्टी सुनावते. "पोरगी त्या बाहुलीशी बोलते."

"बोलू दे की."

"तुमच्याशी बोलते का?"

मी पोळ्यांचा डबा उघडून बघितला, पुन्हा बंद केला. माझ्याशी ती "हो", "नाही" आणि "झालं" एवढंच बोलायची. शाळेत काय चाललंय ते मला स्वयंपाकघरात उभं राहून ऐकूनच कळायचं. भाजी चिरताना मी सुरी हळू चालवायचो.

गेम बंद पडल्यावर घरात तेवढंही बोलणं राहिलं नाही. मुंगी निळा गेम घेऊन वेशीपाशी जायची. तिथे पाटी यायची की पलीकडून उत्तर येत नाही. ती पाटी बंद करायची, पुन्हा जायची.

एकदा ती म्हणाली, "बंद असला तरी तण वाढतं. ते तारखेवर चालतं."

"किती वाढतं?"

"सगळीकडे होतं. मग फुलं मरतात."

दुसऱ्याच दिवशी मी गेम घेऊन आमच्या गल्लीतल्या मोबाइलवाल्याकडे गेलो. तो भिंग डोळ्याला लावूनच गिऱ्हाइकाशी बोलतो. त्याने गेम कानाजवळ हलवला, मागून बघितला.

"बॅटरी गेली असेल तर नशीब तुमचं. बोर्ड गेला असेल तर रामराम."

"उघडून बघ ना."

"सील आहे साहेब. मी उघडलं की कंपनी हात वर करणार. आणि ह्याची बॅटरी बाजारात मिळत नाही. वॉरंटी आहे ना? मग पाठवा त्यांच्याकडे. माझ्याकडे कशाला पाप?"

मी कंपनीला फोन लावला. आधी गाणं वाजलं, मग आमचा फोन त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे असं कोणीतरी बजावलं, मग पुन्हा तेच गाणं. शेवटी एक बाई आल्या. आवाजावरून पंचविशीच्या असतील.

"सर, नोंदणी मॅडमच्या नावावर दिसतेय. मॅडम लाइनवर येऊ शकतील का?"

"नाही."

"काही हरकत नाही सर. त्यांना वेळ असेल तेव्हा त्यांनी एकदा—"

"ती वारली."

पलीकडे नुसती बटणांची टकटक. मग त्या म्हणाल्या, "ऐकून वाईट वाटलं सर. मी आपल्याला जरा होल्डवर ठेवू का?"

पुन्हा गाणं. त्या परत आल्या तेव्हा हळू बोलत होत्या. "सर, माझ्याकडे त्याच्यासाठी पर्याय नाहीये. मी 'मालक बदलला' असं टाकते. चालेल?"

"टाका."

मग त्यांनी सांगितलं, की गेम आला की त्यांचा माणूस आधी उघडून बघतो. बॅटरी बदलून चालू झाला तर त्यातलं सगळं जसंच्या तसं राहतं. नाही झाला तर कंपनी नवीन पाठवते.

"नवीन नको," मी म्हणालो.

"सर, नवीन मोफत असतो."

"मोफत असू दे. मला हाच पाहिजे. नाही लागला तरी हाच परत द्या."

"मी शेरा टाकते सर."

"ताई, त्यात गाव आहे. तिने केलेलं."

"समजलं सर," त्या म्हणाल्या, आणि खरंच समजल्यासारखं म्हणाल्या. "बऱ्याचदा बॅटरीच असते."

ते वाक्य मी घरी येऊन मुंगीला सांगितलं. तिने आईच्या गेमवरचे बोटांचे डाग फ्रॉकला पुसले आणि खोकं शोधायला गेली.

मला त्या शेऱ्याचा भरवसा नव्हता. आमच्याकडेही तक्रार घेणारी मुलगी शेरे टाकते आणि आम्ही ते वाचत नाही. आम्ही एकच गोष्ट वाचतो. लिफ्टच्या खड्ड्यात माणूस उतरला, की वर मुख्य स्विचला तो लाल पाटी अडकवतो. हाताएवढी प्लास्टिकची पाटी. धोका. चालू करू नका. माणूस आत आहे. खाली अडकवणाऱ्याचं नाव आणि फोन. ज्याने अडकवली त्यानेच ती काढायची. इमारतीचा मालक येऊ दे, आमचा साहेब येऊ दे, पाटीला कोणी हात लावत नाही. फारच अडलं तर आधी त्या नंबरावर फोन करायचा. माझ्या सगळ्या नोकरीत ती परस्पर काढलेली मी पाहिली नाही.

पिशवीतून तशी एक पाटी काढून मी तारेने पिवळ्या गेमला बांधली. खाली माझं नाव आणि नंबर ठळक लिहिला.

मुंगीने ती मोठ्याने वाचली. "माणूस आत आहे." मग म्हणाली, "हे बरोबर आहे."

"त्यांनी काही करायच्या आधी मला फोन करावा म्हणून लावली."

"हो, पण बरोबर आहे," ती म्हणाली.

मी खोक्याला चिकटपट्टी लावली. कुरियरवाला घेऊन गेला.

त्यानंतर फोन वाजला की मी काम टाकून घ्यायचो. एकदा तर लिफ्टच्या टपावर होतो, दोन्ही हातांना ग्रीस, कोपराने घेतला. कर्ज पाहिजे का विचारत होते.

मग बायकोच्या फोनवर संदेश आला. तो फोन मी अजून चार्ज करून ठेवतो. प्रिय मॅडम, आनंदाची बातमी, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. आपलं पार्सल निघालं आहे.

मी तो तीनतीनदा वाचला. सोडवण्यात आली म्हणजे चालू झाला असणार. मेव्हणीला दाखवला. ती म्हणाली, "बघा! तुम्हाला उगाच सगळ्यांचा संशय." त्या दिवशी तिने मुंगीची वेणी जरा सैल घातली.

पार्सल आलं तेव्हा मुंगी शाळेत होती. चिकटपट्टी कापली. आत नवंकोरं खोकं, त्यात पिवळा गेम. काचेवर पातळ कागद तसाच. पाटी नाही, तार नाही. मी बटण दाबलं. लगेच लागला. गाणं वाजलं आणि कोणती भाषा पाहिजे ते विचारायला लागला.

मी फोन लावला. ह्या वेळी एक पुरुष होता.

"सर, नवीन मिळाला ना?"

"जुना कुठाय?"

तो शोधत राहिला. "सर, आपल्या डिव्हाइसला धोक्याचं लाल लेबल होतं. असं लेबल असलं की आमच्या टेक्निशियनला ते उघडायला बंदी आहे. बॅटरी फुगलेली असू शकते, आग लागू शकते. ते सरळ वेगळ्या पेटीत जातं."

"त्यावर माझा नंबर होता."

"हो सर. फोटो आहे माझ्यासमोर. नंबर अगदी स्पष्ट दिसतोय."

"मग फोन का नाही केला?"

"सर, सर्व्हिस सेंटरमधून बाहेर फोन करता येत नाही. फोन आम्ही करतो."

"मग तुम्ही का नाही केला?"

"आमच्याकडे डिव्हाइस येत नाही ना सर."

मी जिन्यातल्या पायरीवर बसलो. "ती पेटी आता कुठाय? मी येतो. स्वतः शोधतो."

"भरली की उचलून नेतात सर. नेलीये. तिकडे ते सगळं फोडतात."

"नुसती बॅटरीच गेली असती, तर लागला असता का हो?"

"तपासलंच नाही ना सर, त्यामुळे मी सांगू नाही शकत." मग जरा थांबून तो म्हणाला, "सर, लेबल नसतं तर बघितला असता. आणखी काही मदत करू शकतो?"

"नाही."

"फोन ठेवल्यावर एक ते पाच गुण द्यायचे असतात सर. जमलं तर द्या."

मी पाच दाबले. त्याचीही नोकरी असते.

नवीन गेम मी खोक्यात घातला, खोकं हत्यारांच्या पिशवीत तळाला ठेवलं आणि कामावर गेलो.

संध्याकाळी मुंगीने दारातच विचारलं, "आला?"

"नाही अजून."

मेव्हणीने माझ्या तोंडाकडे बघितलं. मुंगी हातपाय धुवायला गेली तशी तिने माझी पिशवी चाचपली. कोपरा हाताला लागला, तेव्हा तिने हात काढून घेतला.

"हा तो नाही?"

"नाही."

"तो?"

मी मान हलवली. पाटीचं सांगितलं. मेव्हणी ओट्यावरचा कोरडा कपडा उचलून कोरड्याच ओट्यावर फिरवत राहिली.

शेवटी म्हणाली, "सांगून टाका भाऊजी. रोज वाट बघतेय ती. नाहीतर मी सांगते."

"मी सांगतो. आजच सांगतो."

मुंगी पलंगावर होती. मी शेजारी जाऊन बसलो. ती सरकली आणि मला जागा दिली. मी घसा साफ केला.

"बाबा, आता खूप तण झालं असेल," ती म्हणाली. "माझ्या एकटीच्याने होणार नाही. आला की तू पण ये. आईची बाहुली तू चालव."

"मला कुठे येतं?"

"मी शिकवते. हे धर. हा अंगठा इथे. दाबायचा नाही, नुसता टेकवायचा."

तिने निळा गेम माझ्या हातात दिला. मी तिच्या गावातून तिची बाहुली चालवायला लागलो. बाहुली झाडावर आपटली. पुन्हा आपटली. मग ओढ्यात गेली.

"अरे बाबा! तू लिफ्ट पण अशीच चालवतोस?"

ती हसली. आई गेल्यापासून हे हसणं मी ऐकलं नव्हतं. मग माझा अंगठा धरून वळवता वळवता ती सांगायला लागली, की नव्या बाईंना फळ्यावर सरळ रेघ मारता येत नाही, आणि तिच्या बाकावरची मुलगी रोज तिचं खोडरबर वास घेऊन परत देते. स्वयंपाकघरात मेव्हणीची भांडी वाजायची थांबली होती.

त्या दिवशी मी काही बोललो नाही.

आता रोज संध्याकाळी मी शिकायला बसतो. पाणी घालायला जमतं, तण उपटायला जमतं. मुंगी म्हणते माझा हात सुधारतोय, आईचा गेम येईपर्यंत मी तयार होईन. शिकवताना ती शाळेतलं सगळं सांगते आणि मला ते पलीकडच्या खोलीतून ऐकावं लागत नाही. मेव्हणी जाताना रोज माझ्याकडे बघते. मी मान खाली घालतो.

नव्या गेमचं खोकं हत्यारांच्या पिशवीतच आहे. मुंगीला सांगायचं राहिलं आहे.