भेगा पडलेले गोळे

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला स्वयंपाकघरात मोकळं सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हा घड्याळवाला खिम्याचे गोळे वळायला उभा राहिला की डोळ्याला भिंग लावायचं तेवढं बाकी ठेवायचा. दुकानातला छोटा तराजू त्याने घरी आणला होता. प्रत्येक गोळा तोलायचा, तळहातांत फिरवायचा, दिव्याखाली धरून बघायचा, आणि कुठे केसाएवढी भेग दिसली की दोन्ही हातांनी दाबून ती बुजवायचा. ताटात गोळे अशा ओळीत मांडलेले असायचे की पट्टे लावून मनगटावर बांधायचेच बाकी. दिसायला अगदी देखणे, पण खायला कुणी तयार नाही.

खाणारे दोघं. मोठा सात वर्षांचा. त्याला घरात सगळे साहेब म्हणायचे, कारण बोलायला लागला तोच हुकूम सोडत. धाकटी बिट्टी अजून तीन वर्षांचीही नाही, पण हट्टाला बसली की भलेभले हात टेकतील. त्यांची आई दुसऱ्या शहरात होती. उंच इमारती बांधताना ती ढगात डोकं घालणारी क्रेन लागते ना, ती चालवायला शिकत होती. आधी कितीतरी वर्षं ती बांधकामावर खाली उभी राहून क्रेनवाल्याला हातवाऱ्यांनी इशारे द्यायची आणि घरी आल्यावर मान चोळत म्हणायची, "एक दिवस मी बसणार तिथे वर." तिचा नंबर लागला तेव्हा घड्याळवालाच छाती फुगवून म्हणाला, "जा तू खुशाल. दोन पोरं सांभाळायला असं काय लागतं?" काय लागतं ते त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं.

बिट्टी दूध प्यायची, बिस्किट कुरतडायची आणि बाकी कशालाही तोंड उघडायची नाही. भात नको, पाव नको, अंडं नको. "आईचे गोळे," एवढंच. साहेबाचं म्हणणं, मलापण तेच. साहेब निदान पावावर भागवायचा, पण बिट्टीचा फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला होता, गाल उतरले होते. तिला आंघोळ घालताना तिच्या बरगड्या बापाच्या हाताला लागायच्या.

तसं बघायला गेलं तर गोळे काही अवघड नाहीत. जाताना बायकोने सगळं समजावून सांगितलं होतं. शिळा पाव दुधात भिजवायचा, पिळून खिम्यात कुस्करायचा, त्यात बारीक कांदा, अंडं, मीठ, मिरपूड घालायची. गोळे वळायचे, तव्यावर लालसर करायचे आणि टोमॅटोच्या रश्शात शिजू द्यायचे. झालं. याने सगळं तस्संच केलं. पहिल्या दिवशी साहेबाने गोळ्याला काटा टोचला, तर गोळा ताटातून उडाला आणि खुर्चीखाली गडगडत गेला.

"बाबा, हा चेंडू आहे," साहेबाने निकाल दिला.

बिट्टीने आपल्या गोळ्यावरचा रस्सा चाटून घेतला आणि धुतल्यासारखा स्वच्छ झालेला गोळा बापाच्या हातात परत दिला.

दुसरा कुणी असता तर ताट आपटलं असतं. पण या माणसाची खोड वेगळी. बंद पडलेलं घड्याळ समोर आलं की याला गिऱ्हाईक दिसत नाही, भाव दिसत नाही, ते का बंद पडलं तेवढंच दिसतं. सामान तेच, प्रमाण तेच, पातेलंसुद्धा तेच, मग फरक येतो कुठून? हा प्रश्न त्याच्या डोक्यात शिरला तो निघेचना. त्याने पाव वाढवून पाहिला, तर गोळे नुसते पावाचेच लागायला लागले. कांदा चिरायच्या ऐवजी किसून पाहिला. आच मंद केली, मोठी केली. शेवटी खाटकाला गाठलं.

"खिम्यात चरबी कमी पडत असेल," खाटीक म्हणाला. "आज हा न्या."

नेला. चव जरा सुधारली, पण कडकपणा होता तिथेच. दुसऱ्या दिवशी हा पुन्हा दुकानाच्या दारात हजर.

"अहो, मला कशाला छळताय?" खाटीक हसायला लागला. "तुमच्या मंडळी इथूनच तर न्यायच्या. त्यांनाच विचारा की!"

विचारलं. रोज संध्याकाळी फोन व्हायचाच.

"अगं, तू नक्की करतेस तरी काय?"

"काय करते म्हणजे? तुम्हाला सांगितलं तेच."

"दाबतेस किती?"

"हे काय विचारणं झालं? वळते आणि टाकते. पण मुलं खातात ना नीट?"

"खातात की! मिटक्या मारत."

धादांत खोटं! पण बोलला खरा. कारण तो बायकोला ओळखून होता. तिची क्रेनवर चढायची परीक्षा तोंडावर आली होती. ती दिली नाही तर नाव कापलं जाणार आणि पुन्हा घेणार नाहीत, हे तिनेच सांगितलं होतं. पोरगी जेवत नाही हे तिला कळलं असतं, तर ती सगळं टाकून पुढच्या गाडीत बसली असती. म्हणून हा पोरांना पडद्यापासून लांब ठेवून फोनवर मिटक्यांच्या गोष्टी सांगायचा आणि फोन ठेवला की पुन्हा खिमा कालवायला उभा राहायचा. तो उभा राहिला रे राहिला की बिट्टी येऊन पायाला मिठी मारायची. "उचल! बाबा, उचल!" "थांब गं, हात बरबटलेत," असं म्हणून हा तिला कार्टूनसमोर नेऊन बसवायचा. एकदा का ती गप्प बसली, की हा तराजूकडे वळायला मोकळा.

असं किती दिवस चालणार? परीक्षा दोन दिवसांवर आली त्या संध्याकाळी साहेबाने बापाच्या हातातून फोन ओढून घेतला. पडद्यावर आईचा चेहरा होता.

"आई, बाबांचे गोळे दगड आहेत. बिट्टी काहीच खात नाही. आणि बाबा तुला रोज खोटं सांगतात."

घ्या!

"बिट्टीला दाखव मला," आई म्हणाली. साहेबाने फोन बिट्टीकडे फिरवला. बिट्टी जमिनीवर बसून बिस्किटाचा चुरा बोटाने गोळा करत होती. आईने बघितलं.

"मी उद्या सकाळच्या गाडीने निघते."

"अगं, पण परीक्षा..."

"खड्ड्यात गेली परीक्षा! लेकरू सुकलंय माझं, आणि तुम्ही मला मिटक्या सांगत होता? लाज नाही वाटली?"

"वाटली. रोज वाटली. पण तू एवढी वर्षं मान वर करून..."

"ते मी बघीन." तिचा आवाज कापायला लागला होता. "नाही घेतलं परत तर नाही."

आता यावर शहाण्या नवऱ्याने काय करावं? माफी मागावी, समजूत घालावी. हा मात्र म्हणाला, "ये. पण त्याआधी मला एकदा करून दाखव."

"काय?"

"गोळे. समोर खिमा आहे असं समज आणि वळ."

"डोकं फिरलंय का तुमचं? मी इथे रडतेय!"

"फिरलंय. पण बिघाड कुठे आहे ते कळल्याशिवाय मला झोप येणार नाही. एकदाच दाखव."

त्याच्या तोंडी लागून उपयोग नाही, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं. तिने फोन खिडकीला टेकवून ठेवला, बाहीला नाक पुसलं आणि मागे सरून उभी राहिली. "हे घ्या. हा खिमा. हा असा घेतला. हा असा फिरवला. हा टाकला. झालं समाधान?"

"पुन्हा," घड्याळवाला म्हणाला. तो फोनवर इतका वाकला होता की त्याचा श्वास काचेवर धरत होता. "डोळे मिटून कर. घरी करतेस तसं."

तिने डोळे मिटले. उजवा हात हवेत फिरायला लागला. एकच हात, बोटं सैल, तळव्यात काहीतरी अलगद घोळवल्यासारखी. डावा हात मात्र कोपरात वाकून कमरेला धरलेला, आणि कंबर त्या बाजूला थोडी बाहेर काढलेली.

"डावा हात तसा का धरलायस?"

"कसा?" तिने डोळे उघडून स्वतःकडे पाहिलं. त्या वाकलेल्या हातात काहीच नव्हतं. हात तसाच ठेवून ती उभी राहिली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "इथे बिट्टी असते."

आणि तिने ओंजळीत तोंड लपवलं.

"हो मग!" साहेब म्हणाला. "आई तिला कडेवर घेऊनच करते नेहमी."

"अरे, मग सांगितलं का नाहीस इतके दिवस?"

"तुम्ही विचारलंच नाही."

विचारणार कसा? ज्या वेळी गोळे वळले जायचे त्या वेळी हा दुकानात असायचा. घरी यायचा तो हातपाय धुऊन थेट ताटावर. बिट्टीच्या आधी त्या कडेवर साहेब असायचा, म्हणजे बायको वर्षानुवर्षं एका हाताने रांधत होती. घरोघरच्या घड्याळांची खोट ओळखणाऱ्या या माणसाला आपल्याच घरातली एवढी गोष्ट माहीत नव्हती. त्याला स्वतःची चीड आली, पण त्याच वेळी डोक्यात उजेडही पडला. एका हाताने गोळा दाबता येत नाही! तो फक्त घोळवता येतो. सैल राहतो, त्याला भेगा पडतात आणि त्या भेगांतून रस्सा आत शिरतो. आणि हा शहाणा तराजू घेऊन भेगा बुजवत बसला होता.

"जेवणं होईपर्यंत तिकीट काढू नकोस," त्याने सांगितलं.

"जेवणं झाली की लगेच फोन करा. आणि खरं सांगा. नाहीतर मी पिशवी भरते."

खिमा कालवलेला होताच. या वेळी बिट्टीने पायाला मिठी मारली तसा त्याने हात धुतला, तिला उचललं आणि डाव्या कडेवर घेतलं. ती इतकी हलकी झाली होती की त्याने तिला आणखी घट्ट धरलं. आधी ती त्याच्या खांद्यावर डोकं टाकून पडली. मग हळूच मान वळवून तिने खाली बघितलं. आई गेल्यापासून तिला जमिनीवरून कपाटाची दारंच दिसत होती. आता सगळं समोर.

"ये काय?" तिने परातीकडे बोट केलं.

"खिमा."

"ये?"

"कांदा. दिसत नाही ना? आत दडलाय."

"का?"

"का ते मलाही माहीत नाही बुवा. बघूया."

पहिला गोळा हातातून निसटून ओट्यावर पडला. दुसरा वाकडा झाला. तिसऱ्याला ही एवढी भेग. त्याचा डावा हात ती बुजवायला शिवशिवला, पण त्या हातात बिट्टी होती. भेग राहिली. बिट्टीने त्या गोळ्याला बोट लावलं आणि जाहीर केलं, "हा माझा." मग प्रत्येक गोळ्याचा मालक ठरला. हा दादाचा, हा बाबाचा, हा पुन्हा माझा. ताटात एकाला एक मेळ नाही. त्याच्या हाताखालून असलं ओबडधोबड काम आजवर कधी गेलं नव्हतं. तव्यावर गोळे चरचरले तेव्हा ती दचकून त्याच्या गळ्याला बिलगली, आणि लगेच पुन्हा वाकून बघायला लागली.

जेवताना साहेबाने काटा टोचला. गोळा उडाला नाही, मऊपणे दुभंगला. साहेबाने खाल्ला, विचार केला आणि ताट पुढे सरकवलं. "अजून द्या." बिट्टीने भेग पडलेला गोळा शोधून काढला. "माझा," ती म्हणाली आणि तोंड उघडलं. बापाने घास दिला. तिने चावला, गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं.

गोळे मऊ झाले म्हणून खाल्ले की कडेवर बसून केले म्हणून, हे त्याला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. मला विचाराल तर माझं मत पक्कं आहे, पण मी सांगणार नाही.

जेवणं उरकली आणि त्याने फोन लावला. पहिल्याच घंटेला तिने उचलला.

"खाल्लं?"

त्याने फोन बिट्टीवर धरला. ती खुर्चीतच झोपली होती. हनुवटीपर्यंत रस्सा, मुठीत अर्धा गोळा. आई बघत राहिली. तिचा चेहरा उजळला, आणि मग एकाएकी पडला.

"म्हणजे मी नसले तरी खाते ती."

इथे एखादं गोड खोटं सहज खपलं असतं. पण खोटं बोलून काय होतं ते याने नुकतंच बघितलं होतं.

"खाते," तो म्हणाला.

ती रडली. चांगली हुंदके देऊन रडली. याने फोन तसाच धरून ठेवला.

"इथे आले त्या दिवसापासून माझी ही डावी बाजू रिकामी रिकामी लागते हो," ती म्हणाली. "काहीतरी विसरून आल्यासारखी. काय ते मात्र कळत नव्हतं."

"मग येतेस?"

तिने नाक पुसलं. आपला डावा हात तिने समोर धरून पाहिला.

"वर क्रेनमध्ये दोन दांडे असतात," ती म्हणाली. "एक उजव्या हाताला, एक डाव्या. मी सारखी डावा दांडा सोडून हात कमरेवर नेते म्हणून शिकवणारे गुरुजी माझ्यावर ओरडत होते."

"मग?"

"मग काय? आता धरीन."